दुपारी दोनची भुतं

आमच्या कंपनीच्या बसमध्ये भूत यायचं ते दुपारी दोन वाजता. म्हणजे बस सदरहून सुटायची सकाळी सव्वासहाला आणि हिंगण्याच्या गेटवर लागायची सातच्या सुमारास, पण मधल्या चाळीस मिनिटांत भाऊ जी गोष्ट सांगायचे तिच्यातलं भूत भर दुपारचं असायचं. मी नवीन लागले होते आणि तोंडाची फटकळ, तिसऱ्याच दिवशी विचारलं, "भाऊ, भुतं रात्री येतात ना?"

भाऊंनी वही मिटली. "ताई, तुम्ही नागपूरच्या न? मंग सांगा, नागपुरात रात्री कोण घाबरते? रात्री तं सारं गाव रस्त्यावर रायते. आइस्क्रीम खाते, पान खाते, लेकरं बारा वाजेपर्यंत बॅडमिंटन खेळतात. अन् मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुत्रं तरी दिसते का रस्त्यावर? भुताले माणूस एकटा पायजे. ते गर्दीत कायले येईल?"

सगळ्या बसने माना डोलावल्या. 

आमची कंपनी ट्रॅक्टरचे गिअर बनवायची आणि भाऊ तिथे गुणवत्ता तपासनीस होते. पंचवीस-सव्वीस वर्षं एकाच टेबलापाशी. मी त्यांच्याच विभागात कागदपत्रं सांभाळायला होते. समोर सगळे त्यांना भाऊ म्हणायचे आणि पाठीमागे भूतभाऊ. ठेंगणे, केसांना भरपूर तेल, आणि शर्टच्या खिशातून बाहेर लोंबणारे दोरे. त्या खिशात कायम तीन रंगांचे टॅग असायचे. गिअर पास झाला की हिरवा, दुरुस्तीला पाठवायचा असला की पिवळा, बाद असला की लाल. टॅगवर दोष लिहायचा, सही करायची, दोऱ्याने गिअरला बांधायचा, असा नियम. भाऊंनी हा नियम गिअरपुरता ठेवला असता तर पुष्कळ घरांत शांतता राहिली असती.

एकदा त्यांनी डब्यातल्या वांग्याच्या भरताला पिवळा टॅग बांधून डबा घरी परत नेला. "मीठ कमी. दुरुस्त करून पाठवणे." दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये डबा उघडला तर चारही पुडांत नुसतं मीठ, आणि वर हिरवा टॅग. वहिनींची सही. भाऊंनी तो टॅग मला कौतुकाने दाखवला. "सही कशी टापटीप आहे पाहा," म्हणाले. मग माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्या.

गोष्टींनाही हाच कायदा. सकाळी ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभं राहायचं, वहीतून गोष्ट वाचायची, गेट यायच्या आत संपवायची, आणि उतरताना सगळ्यांना कोरे टॅग वाटायचे. तीन वाजता पाळी सुटली की परतीच्या बसमध्ये टॅग गोळा. लोक मनापासून दोष काढायचे. वेल्डिंगवाल्याने लिहिलं होतं, "चेटकीण रामटेकहून पायी आली तर तिला घाम का नाही?" पॅकिंगमधल्या एका काकूंनी लिहिलं, "भूत माझ्या सासूसारखं बोलते. भीती कमी वाटली, राग जास्त आला." भाऊ रात्री बसून दुरुस्ती करायचे आणि सकाळी घामाघूम चेटकीण घेऊन हजर. आमच्या ड्रायव्हरचं तर असं झालं होतं की भूत यायला उशीर होतोय असं वाटलं की तो आपणहून बस हळू करायचा. गेटवरच्या सुरक्षावाल्याने दोनदा तक्रार केली. आता भाऊ निवृत्त झालेत, बस तीच आहे, पण सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात आणि सातच्या आत पोचतात.

भाऊंच्या गोष्टींचा एकच दोष असा होता, जो सगळ्यांना दिसायचा आणि भाऊ दुरुस्त करायचे नाहीत. शेवट. गोष्ट कुठलीही असो, विहिरीची, रेल्वे फाटकाची, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची, तिच्यात एक लहान पोरगं असायचंच. त्या पोराला न्यायला कोणी तरी यायचं, लांब हातांची, गवताच्या केसांची एक बाई. अंगावर काटा यायचा हो! बस एकदम चिडीचूप. आणि ती बाई आता हात लावणार, तेवढ्यात कुठून तरी काका, नाही तर मामा, नाही तर पोस्टमन सायकलवर टपकायचा आणि म्हणायचा, "काय गा, इथं काय करून राहिला? चाल घरी, जेवाचं आहे." झालं. सगळी भीती पंक्चर. परतीच्या बसमध्ये टॅगांचा लाल ढीग. "शेवट बदला." "पोस्टमन कशाला?" "भाऊ, भूत बनवता का आंगणवाडी चालवता?"

भाऊ सगळे टॅग नीट वाचायचे आणि शेवटाचे तेवढे बाजूला काढायचे. "शेवटाले हात लावाचा नाही," म्हणायचे. बस. पुढे चर्चा नाही.

एवढा भुतं पाळणारा माणूस स्वतः किती घाबरट असावा? लिफ्टमध्ये जायचे नाहीत. मांजर आडवं गेलं तर ठीक, पण मांजर नुसतं बसून पाहत असलं तर रस्ता बदलायचे. वरच्या मजल्यावरच्या जुन्या रजिस्टरांच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, काही लागलं तर मला पाठवायचे. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी, ते दरवर्षी रजा घ्यायचे. अख्खं नागपूर त्या दिवशी महाल-इतवारीत मारबत पाहायला लोटतं. काळी मारबत, पिवळी मारबत, शेवटी गावाबाहेर जाळायचे ते बाईचे भले मोठे पुतळे, ढोल, आणि पुढे हजारो माणसं ओरडत असतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आमच्याकडे पोरंसोरंही वर्षभर त्या दिवसाची वाट पाहतात. भाऊ मात्र त्या दिवशी घराची दारं-खिडक्या लावून बसायचे. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचे, "भीती."

ऑफिसातला बाबू दरवर्षी अर्ज परत करायचा. "भाऊ, पोट दुखते लिहा न."

"दुखत नाही तं कायले लिहू?"

"अहो, भीती हे कारण बसत नाही नियमात."

"मंग नियमाले पिवळा टॅग लावा," भाऊ म्हणायचे. शेवटी बाबूच स्वतःच्या हाताने "पोटदुखी" लिहायचा आणि भाऊ त्याच्यापुढे कंस करून "हे बाबूंचे मत" असं लिहायचे. मी ते सगळे अर्ज फाईलला लावलेत, खोटं नाही सांगत.

आणखी एक खोड म्हणजे परतीच्या वेळी हजेरी. सगळ्यांची नावं घेतल्याशिवाय भाऊ बस हलू द्यायचे नाहीत. शाळेच्या सहलीसारखं एकेक नाव, आणि ज्याने त्याने "हव", म्हणजे हो, म्हणायचं. साठीला टेकलेले फिटर लोकही हसत हसत "हव गुरुजी" म्हणायचे. मला सुरुवातीला राग यायचा. आपण काय लहान आहोत का?

एका शनिवारी मी पाळी संपायच्या जरा आधी त्या वरच्या खोलीत गेले. फोन टेबलावरच. आत रजिस्टर शोधत होते, तेवढ्यात वाऱ्याने दार लागलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. ती कडी तशी होतीच सैल. मी दार बडवलं, ओरडले, पण खाली मशिनी आणि त्यात शनिवारची घाई. खाली बसमध्ये भाऊंनी माझं नाव घेतलं तर माझ्या शेजारी बसणाऱ्या बयेने, मी येतच असेन असं समजून, माझ्या वतीने "हव" म्हणून टाकलं. बस निघून गेली. खिडकीच्या जाळीतून मला ती गेटबाहेर वळताना दिसली. कसं वाटलं ते कोणाला सांगून कळायचं नाही.

अर्ध्या रस्त्यात भाऊ टॅग गोळा करत मागे आले तेव्हा माझी जागा रिकामी. ती बया म्हणाली, "स्कूटीवाल्या मैत्रिणीसंगं गेली असंल."

"जाताना पाहिलं का कोणी?"

कोणी पाहिलं नव्हतं. भाऊ पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "फिरवा." चाळीस माणसं कलकलली. शनिवार आहे, घरी पाहुणे आहेत, पोराचा क्लास आहे. फोन करा सुरक्षावाल्याला, कोणी तरी म्हणालं. भाऊंनी केलाही, सुरक्षावाला म्हणाला सगळे गेले, इथे कोणी नाही. तरी भाऊ म्हणाले, "फिरवा." आणि बस फिरली.

कडी काढली ती भाऊंनीच. ज्या खोलीत ते वर्षानुवर्षं पाऊल टाकत नव्हते तिच्या दारात उभे, घामाने शर्ट चिकटलेला, आणि मला पाहून पहिलं वाक्य, "ताई, आहे न तुम्ही?" मी हसले. अडकलेली मी आणि थरथरणारे ते! बसमध्ये बसल्यावर त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. मी उघडून दिलं. त्या दिवसापासून हजेरीला मी सगळ्यात मोठ्याने "हव" म्हणायला लागले.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी त्यांना सोडलं नाही. "भाऊ, हे काय प्रकरण आहे? खरं सांगा."

त्यांनी आधी इकडचं तिकडचं केलं. मग डबा बाजूला सरकवला आणि सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत सांगते.

"पारशिवनीजवळचं आमचं गाव. मी पहिलीत होतो. त्या पावसाळ्यात मले असा खोकला लागला होता का सारी रात्र खो-खो. बाबा दिवसभर वावरात, अन् रात्री माह्या खोकल्यानं झोप नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावची मारबत निघाली. तनसीची, म्हणजे वाळल्या गवताची बाई, तिले जुनं लुगडं नेसवलेलं. सारं गाव मागं मागं, 'खासी खोकला घेऊन जा गे मारबत!' अन् बाबानं मजाकीत माह्यावर बोट दाखवलं अन् ओरडले, 'अन् या खोकलणाऱ्या पोट्ट्यालेही घेऊन जा गे मारबत!' सारं गाव हासलं. मायही हासली."

"मग?"

"मंग काय, मी गेलो."

"कुठे गेलात?"

"मारबतीसंगं, ताई. मले देऊन टाकलं न. त्या दिवशी संध्याकाळी लेकरांचा तान्हा पोळा असते, माहा लाकडाचा बैल होता, तो बहिणीच्या उशाशी ठेवला. म्हटलं आता आपल्याले काय कामाचा. अन् गेलो. लोकांनी शिवेवर तिले जाळलं अन् घरी गेले. मी तिथंच बसलो. मले वाटलं, आता ही दुपारी सामसूम झाल्यावर उठंल अन् मले घेऊन जाईल. गावात दिवे लागले तोवर बसलो. मंग भूक लागली म्हणून घरी आलो. मायले वाटलं होतं मी काकाकडं आहे, काकाले वाटलं मी मामाकडं आहे. बाबा म्हणाले, हातपाय धू. म्हणजे मी गेलो होतो हेच कोणाले माहीत नाही. मंग मी परत आलो हे तरी कोणाले समजावं?"

 भाऊंनी डबा पुन्हा जवळ ओढला.

"म्हणून माह्या गोष्टीत त्या पोट्ट्याले न्यायले कोणी न कोणी जाते, ताई. गोष्ट माही आहे न. मी पाठवतो कोणाले तरी."

आता हे ऐकल्यावर पोस्टमनला लाल टॅग कोण देईल? मी बसमध्ये कोणाला काही सांगितलं नाही, पण तेव्हापासून माझा टॅग हिरवा असायचा. काकू म्हणायच्या, "तुले काय भेव वाटते त्या पोस्टमनचं?" मी म्हणायचे, "हो, वाटतं."

भाऊंचे बाबा तेव्हा पंच्याऐंशीचे होते. आई गेल्यावर भाऊंनी त्यांना गावाहून गिट्टीखदानच्या घरी आणलं होतं. म्हातारा ताठ, आवाज खणखणीत. सकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायला घ्यायचा तो भिंग लावून पहिल्या पानापासून टेंडर नोटिशीपर्यंत. कोण वारलं, कोणाचं नाव बदललं, सगळं तोंडपाठ. भाऊंच्या कपाटात गोष्टींच्या सोळा वह्या होत्या आणि बाबांनी त्यातली एकही उघडली नव्हती. "वहीतलं काय खरं?" ते म्हणायचे. "वहीत तं शाळेतलं पोट्टंही लिहिते. छापून आण, मंग वाचतो."

भाऊंना आयुष्यात एवढंच पाहिजे होतं. बाबांनी एकदा वाचावं. काही म्हणू नये, नुसतं वाचावं. मी म्हटलं, "सरळ सांगून टाका ना मग. वाचायची कशाला वाट पाहता?"

"छप्पन वर्षांचा माणूस मी, ताई. पंच्याऐंशी वर्षांच्या बापाले काय सांगू? का पन्नास वर्षांपहिले तुम्ही एक मजाक केली होती?"

खरं होतं. तोंडाने नसतं सांगता येत असं काही. म्हणून मी त्यांच्या वहीतली मारबतीची गोष्ट, त्या शिवेवरच्या पोराची, टाईप केली आणि शहरातल्या एका लहानशा दिवाळी अंकाला पाठवली. उत्तर आलं. संपादक लिहितात, "कथा झकास. फक्त शेवटचा परिच्छेद काढून टाका. तो मामा बैलगाडी घेऊन येतो आणि सगळी मजा घालवतो. पोरगं शिवेवर बसलेलं आहे तिथेच थांबा." भाऊंनी त्या पत्राची छापील प्रत मागितली, तिला पिवळा टॅग बांधला, "संपादक दुरुस्त करणे" असं लिहिलं आणि पोस्टाने परत पाठवली. पुढच्या वर्षी त्याच संपादकाने पुन्हा विचारलं, भाऊंनी पुन्हा टॅग पाठवला. दोन दिवाळ्या अशाच गेल्या.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास भाऊ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बाबांना काचबिंदू निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती छापील अक्षर वाचण्याइतकी फार महिने टिकायची नाही. म्हाताऱ्याला त्याचं काही नव्हतं. "टेंडरं तं सारी वाचून झाली," म्हणाला म्हणे. पण भाऊंचं तोंड उतरलं होतं.

"ताई, काढा तो परिच्छेद."

"नक्की?"

"काढा म्हणतो न."

मी फाईल उघडली. मामा, बैलगाडी, 'चाल घरी', सगळं निवडलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे. मी बटण दाबलं.

"गेला?"

"गेला."

"आता शेवटी काय रायलं?"

मी शेवटच्या ओळी वाचल्या: दुपार झाली होती. शिवेवर राख होती आणि पोरगं बसून होतं.

"मंग आता जसं झालं तसंच झालं," भाऊ म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तशीच बसमध्ये वाचली. गेट आलं तरी कोणी उठेना. तीन वाजता टॅग आले ते सगळे हिरवे, पहिल्यांदाच. वेल्डिंगवाला म्हणाला, "भाऊ, आज खरं भेव लागलं." भाऊंनी टॅग खिशात टाकले आणि त्या दिवशी हजेरी दोनदा घेतली.

अंक आला. दिवाळीनंतरच्या रविवारी मी चकल्या-चिवडा घेऊन त्यांच्या घरी गेले, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. बाबा अंगणात उन्हाला बसून, भिंग अंकावर टेकवून वाचत होते. तिसरा दिवस होता. नजरेमुळे दिवसाला दोनच पानं व्हायची. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "तीन दिवसांपासून हे झोपले नाही. त्या तुळशीले सकाळपासून चारदा पाणी घातलं, वाहून चालली बिचारी." खरंच भाऊ हातात तांब्या घेऊन तुळशीपाशी उभे होते.

बाराच्या सुमारास बाबांनी भिंग खाली ठेवलं.  मग कडाडले, "कोण आहे हा?"

"कोण, बाबा?"

"हा बाप! या पोट्ट्याचा बाप! लेकरू सकाळपासून शिवेवर बसलं अन् हा भैताड घरी काय पुरणपोळ्या तोडून राहिला? याले जोड्यानं हाणला पायजे! अन् तू कसा लेखक आहे गा? लेकरू तसंच ठेवून दिलं तिथं? पाठव न कोणाले!"

"पाठवला होता बाबा. संपादकानं काढाले लावला."

"मंग त्या संपादकाचा नंबर दे मले."

मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. बाबा काही थांबेनात. "असा माणूस मले भेटला असता तं—"

"तुम्ही ओळखता त्याले, बाबा," भाऊ म्हणाले. तांब्या अजून हातातच. "ते पोट्टं मी होतो."

बाबा आधी हसले. मग हसायचे थांबले.

"कधी?"

"पहिलीत होतो. मले खोकला लागला होता."

"अन् मी म्हटलं होतं असं?"

"हव."

"साऱ्या गावासमोर?"

"हव, बाबा."

म्हातारा आठवायचा प्रयत्न करत होता, ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. "मले आठवत नाही गा," शेवटी म्हणाला. "पण तू म्हणून राहिला तं झालं असंल. तू खोटं बोलत नाही." मग विचारलं, "कितीक वेळ बसला होता?"

"दिवे लागले तोवर."

"जेवला होता?"

"नाही."

"कोण आलं होतं न्यायले?"

"कोणीच नाही, बाबा."

बाबांनी काठी घेतली, उठले, फाटक उघडून बाहेर गेले, आणि नालीवरच्या फरशीवर बसले. घराकडे पाठ करून. सव्वाबारा झाले होते.

आम्हाला आधी वाटलं राग आलाय, येतील. वहिनींनी ताट वाढलं. बाबा म्हणाले, "मी जेवत नाही." वहिनी म्हणाल्या, "बाबा, तुमची शुगर!" तर म्हणे, "जा वं तू आत." भाऊ गेले. "बाबा, चला न घरात."

"तुले बोलवाले कोणी आलं होतं?"

"नाही."

"मंग तूही येऊ नको. जा."

भाऊ आत आले, टोपी घेऊन गेले. परत आले, छत्री घेऊन गेले. छत्री परत. पाणी नेलं तर बाबांनी विचारलं, "शिवेवर पाणी होतं?" भाऊ म्हणाले, नाला होता, प्यालो होतो. "मंग दे," म्हणून प्याले. वहिनींनी गोळी पाठवली तर, "तू गोळी घेतली होती?"

"बाबा, मी सहा वर्षांचा होतो!"

"मंग नाही."

वहिनी काही कमी नव्हत्या, त्यांनी पुढच्या पाण्यात गोळी कुटून विरघळवली. म्हाताऱ्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सुनेकडे असं पाहिलं की काही विचारू नका. पण प्याला.

गल्लीत बोभाटा झाला. समोरच्या घरचे बाहेर आले. "काय हो, म्हाताऱ्याले घराबाहेर काढलं का?" एक बाई तर मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागली. मी जाऊन तिला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मग मीही बाबांना समजवायला गेले. ते म्हणाले, "बाई, तू चांगली आहे. पण मधात येऊ नको."

भाऊ फाटकाच्या आत, गजांना धरून उभे. मी खुर्ची आणून दिली. "बसा तरी, भाऊ."

"कसा बसू, ताई?" ते म्हणाले. आणि त्यांचे डोळे बाबांच्या पाठीवरून हलत नव्हते. दोन वाजले, तीन वाजले. बाबांची मान पुढे झुकायची, मग दचकून सरळ व्हायची. प्रत्येक वेळी भाऊंचा हात फाटकाच्या कडीकडे जायचा आणि परत यायचा. मला त्या म्हाताऱ्याचा रागही येत होता आणि उठून त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं. चकल्या तशाच राहिल्या. घरात कोणीच जेवलं नाही.

पावणेसहाला गल्लीतले दिवे लागले. बाबांनी वर दिव्याकडे पाहिलं आणि काठी टेकून उठायला लागले, पण पाय साथ देईनात. भाऊ फाटक ढकलून धावले आणि त्यांना काखेत हात घालून उभं केलं. बाबांनी भाऊंचं मनगट धरलं. तोंड दुसरीकडेच होतं.

"लय वेळ होते गा," ते म्हणाले. जरा दम घेतला. "लहान लेकराले लय वेळ होते."

"हव, बाबा," भाऊ म्हणाले आणि गल्लीच्या मधोमध बापाच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले. बाबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मीही रडत होते, सांगायला लाज कशाची. समोरचे सगळे गॅलरीत उभे राहून पाहत होते. पाहू दे.